साठीनंतर हाती आलेली पटाशी

पहिल्या वर्षाला आपल्या सगळ्यांच्याच वाट्याला वर्कशॉप येतं. कार्पेंट्री शॉपमध्ये लाकडाचा एक तुकडा हातात देतात आणि सांगतात, ह्याचा हाफ लॅप जॉइंट करून दाखवा. पुढे काय होतं ते नव्याने सांगायला नको. करवत रेघ सोडून जाते. पटाशी लाकडाच्या रेषांच्या उलट चालवली की नको तेवढी मोठी ढलपी उडते. मग जॉब कसाबसा बसवायचा, फटीत भुसा भरायचा, जर्नलवर सही घ्यायची आणि सुटायचं. बहुतेक इंजिनिअरांचा लाकडाशी संबंध तिथंच सुरू होतो आणि तिथंच संपतो.

ज्या माणसाची ही गोष्ट आहे, त्यानं लाकडात मूर्ती कोरायला सुरुवात केली तेव्हा तो एकसष्ट वर्षांचा होता. सरकारी नोकरीत असता तर एव्हाना पेन्शन सुरू झालं असतं. हा गृहस्थ मात्र त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं कोरतच राहिला. हजारावर मूर्ती केल्या. आणि ज्या मूर्तींमुळे आज जपानच्या कलेच्या इतिहासात त्याचं नाव घेतलं जातं, त्यातल्या बहुतेक त्यानं ऐंशी वर्षं ओलांडल्यावर केल्या.

त्याचं नाव मोकुजिकी. होस्टेलवर रात्री अकरानंतर ज्या गप्पा रंगतात, त्यात एक विषय हमखास येतो. कुणाला चित्रकला करायची होती, कुणाला नाटक, कुणाला तबला. पण बारावी, सीईटी, ॲडमिशन ह्या गडबडीत ते राहून गेलं, आणि आता वीस-एकविसाव्या वर्षी काय नवीन शिकणार, उशीर झाला, असं म्हणून आपण चहा प्यायला उठतो. वीसाव्या वर्षी उशीर! अशा वेळी मला मोकुजिकी आठवतो. त्याची गोष्ट ऐकून कुणाला लगेच काही सापडेल असं नाही. पण उशीर म्हणजे नक्की काय, ह्याचा हिशोब पुन्हा एकदा तपासावासा वाटतो, एवढं खरं.

मोकुजिकीचा जन्म १७१८ सालचा. जपानच्या काई प्रांतातल्या, म्हणजे आजच्या यामानाशी जिल्ह्यातल्या, मारुबाताके नावाच्या डोंगराळ खेड्यात एका शेतकरी कुटुंबात तो जन्मला. इथे एक खुलासा करून ठेवतो. जुन्या जपानी पद्धतीत मूल जन्मलं की ते एक वर्षाचं धरतात आणि दर नववर्षाला एकेक वर्ष वाढवतात. खाली दिलेली वयं त्या पद्धतीची आहेत. आपल्या हिशोबाने एखादं वर्ष कमी करून वाचावीत.

घरात तो थोरला नव्हता, त्यामुळे शेती त्याच्याकडे येणार नव्हती. चौदाव्या वर्षी, शेतावर जातो असं घरच्यांना सांगून तो निघाला तो थेट एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला पोचला. तिथे त्यानं मिळेल ती कामं केली. काही काळ बरा गेला, काही फार वाईट. ह्या वर्षांबद्दल त्यानं म्हातारपणी लिहिलेल्या टिपणात जेमतेम दोन-चार वाक्यं आहेत. नोकरीच्या शोधात गावाकडून मोठ्या शहरात आलेल्या कुठल्याही मुलाची असते तशीच ती कहाणी दिसते.

बाविसाव्या वर्षी तो एदोजवळच्या ओयामा डोंगरावरच्या देवस्थानाला गेला होता. तिथे शिंगोन पंथाच्या एका भिक्षूशी त्याची गाठ पडली आणि तो त्याचा शिष्य झाला. शिंगोन हा जपानमधला मंत्र, मुद्रा आणि मंडलं मानणारा बौद्ध पंथ. त्याची मुळं भारतातून चीनमार्गे तिकडे गेलेली. ह्या पंथातले भिक्षू आजही संस्कृत बीजाक्षरं सिद्धम नावाच्या लिपीत लिहितात. ही लिपी ब्राह्मीच्या कुळातली, म्हणजे आपल्या देवनागरीच्या नात्यातली. मोकुजिकी पुढे आपल्या मूर्तींच्या पाठीवर शाईनं जे लिहायचा, त्यात ही बीजाक्षरं असत. जपानच्या एखाद्या आडगावातल्या मूर्तीच्या पाठीवर आपल्या ओळखीच्या कुळातलं अक्षर सापडावं, ह्याची गंमत वाटते.

भिक्षू झाल्यानंतरची तेवीस वर्षं कशी गेली, हे फारसं कुणाला सांगता येत नाही. १७६२ साली, पंचेचाळिसाव्या वर्षी, हिताची प्रांतातल्या एका मंदिरात कांकाई नावाच्या गुरूकडून त्यानं एक कठीण व्रत घेतलं. व्रताचं नाव मोकुजिकी. शब्दशः अर्थ झाडाचं खाणं. धान्य वर्ज्य, शिजवलेलं अन्न वर्ज्य. फळं, कठीण कवचाची बियाफळं, कंदमुळं, पाला आणि कुट्टूचं पीठ पाण्यात कालवून, एवढ्यावर राहायचं. आपल्याकडे एकादशीला लोक साबुदाण्याची खिचडी हाणतात, तसला हा उपवास नव्हे. हे व्रत त्यानं मरेपर्यंत पाळलं. व्रताचं नाव तेच त्याचं नाव झालं. हे व्रत घेणारे त्याच्या आधीही होते आणि नंतरही झाले, पण आज जपानमध्ये नुसतं मोकुजिकी म्हटलं की लोकांना हाच आठवतो.

व्रत घेतल्यावर आणखी अकरा वर्षं गेली. १७७३ साली, छप्पन्नाव्या वर्षी, त्यानं पायी सगळा देश फिरायचा संकल्प केला. प्रत्येक प्रांतातल्या मोठ्या देवस्थानांना जायचं, तिथे पाठ-प्रार्थना करायची, आणि आपल्या वहीत तिथली नोंद आणि शिक्का घ्यायचा. आपल्या जर्नलवर सरांची सही लागते तसंच थोडंसं. फरक इतकाच, की त्याच्या वहीतला एक-एक शिक्का मिळवायला कित्येक दिवस चालावं लागे. ह्या वह्या पुढे फार महत्त्वाच्या ठरल्या. तो केव्हा कुठे होता हे आपल्याला आज तारखेनिशी कळतं ते त्यांच्यामुळेच.

चालत चालत तो उत्तरेकडे सरकत गेला आणि १७७८ साली समुद्र ओलांडून एझोला, म्हणजे आजच्या होक्काइदो बेटावर पोचला. त्या काळी जपानी राज्याचं ते उत्तर टोक. थंडी कडाक्याची, वस्ती विरळ, किनाऱ्याकाठी कोळ्यांची खेडी. तिथे तो दोनेक वर्षं राहिला. आणि तिथेच, आयुष्याच्या एकसष्टाव्या वर्षी, त्यानं लाकडात बुद्धमूर्ती कोरायला सुरुवात केली.

का केली? त्यानं स्वतः ह्याचं कारण लिहून ठेवलेलं नाही. पण अभ्यासक एक तर्क करतात आणि तो पटण्यासारखा आहे. त्याच्या शंभरेक वर्षं आधी, १६६६ साली, एन्कू नावाचा दुसरा एक भटका भिक्षू ह्याच बेटावर आला होता. तोही मूर्ती कोरायचा, तोही गावोगाव ठेवून जायचा. कुऱ्हाडीनं फोडलेल्या लाकडावर चारदोन घाव घालून केलेल्या त्याच्या ओबडधोबड मूर्ती किनाऱ्यावरच्या देवळांत आणि गुहांत होत्या. मोकुजिकीनं त्या पाहिल्या असणार. राजधानीतल्या सोन्याच्या मुलाम्याच्या भव्य मूर्ती पाहून सामान्य माणसाच्या मनात भक्ती येते, पण आपणही हे करून पाहावं असं येत नाही. एन्कूची मूर्ती पाहून मात्र तसं वाटू शकतं. ह्याला लाकूड लागतं, एक धारदार हत्यार लागतं आणि करायची इच्छा लागते. बाकीचं करता करता येतं.

त्याच्या सुरुवातीच्या मूर्ती पाहिल्या तर कुणाला फार अपेक्षा वाटल्या नसत्या. त्या ताठ आहेत, चेहरे जरा बिचकलेले आहेत. नवशिक्याचा हात ओळखू येतो. मोकुजिकी मूर्तिकारांच्या कुठल्याही घराण्यातला नव्हता, हे इथे लक्षात घ्यायला पाहिजे. जपानमध्ये बुद्धमूर्ती करणं हा पिढीजात, कारखान्यासारखा बांधलेला धंदा होता आणि त्याची तंत्रं फार पुढे गेलेली होती.

त्यातलं एक तंत्र आपल्या विषयाचं आहे म्हणून सांगतो. लाकूड वाळताना सगळ्या दिशांनी सारखं आकसत नाही. वार्षिक वर्तुळांच्या कडेकडेनं ते जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच ते गाभ्याकडून सालीच्या दिशेनं आकसतं. म्हणून गाभ्यासकट अख्खा ओंडका वाळला, की त्याला सालीपासून गाभ्याकडे जाणारी उभी भेग पडते. जपानी मूर्तिकारांनी ह्यावर अकराव्या शतकातच उत्तर काढलं होतं. मूर्ती एका ओंडक्यातून न काढता अनेक तुकड्यांत करायची, प्रत्येक तुकडा आतून पोखरायचा आणि मग सगळे जोडायचे. वजन कमी, भेगा कमी, आणि वेगवेगळे कारागीर एकाच वेळी हात-पाय-डोकं करू शकतात ते वेगळंच. असेंब्ली लाइनच म्हणा ना.

मोकुजिकीकडे ह्यातलं काही नव्हतं. कारखाना नव्हता, मदतनीस नव्हते, महिनोन् महिने वाळवून ठेवलेलं निवडक लाकूड नव्हतं. ज्या गावात मुक्काम, त्या गावात मिळेल तो ओंडका. एकाच ओंडक्यातून अख्खी मूर्ती. पटाशीच्या खुणा घासून काढायच्या नाहीत. रंग नाही, मुलामा नाही. काही मूर्तींना भेगा गेल्या, त्या गेल्या. मूर्ती पूर्ण झाली की पाठीवर शाईनं बीजाक्षर, तारीख, आपलं नाव आणि बऱ्याचदा आपलं वय लिहायचं. मूर्ती गावाला द्यायची आणि निघायचं.

एझोहून परतल्यावर १७८० साली आजच्या तोचिगी जिल्ह्यातल्या एका खेड्यात त्यानं भैषज्यगुरू बुद्ध आणि त्याचे बारा सेनापती असा मोठा संच केला. १७८१ साली तो सादो बेटावर गेला आणि तिथे चार वर्षं राहिला. मग पुन्हा चालणं. ह्याच काळात हजार मूर्ती करण्याचा संकल्प त्याच्या मनात पक्का झालेला दिसतो, कारण पुढच्या अनेक मूर्तींच्या पाठीवर ही हजारातली एक असं तो लिहून ठेवतो. विचार करा. साठी उलटलेला माणूस, धान्य न खाणारा, एका जागी न राहणारा, आणि बेत हजार मूर्तींचा. आपल्यापैकी कुणी प्रोजेक्टचा असा प्रस्ताव दिला असता तर गाइडनं पहिल्याच मीटिंगला परत पाठवलं असतं.

१७८८ साली तो देशाच्या दुसऱ्या टोकाला, क्यूशू बेटावर, ह्यूगा प्रांतातल्या कोकुबुन्जीला पोचला. आजचा मियाझाकी जिल्हा. आठव्या शतकात सम्राट शोमूनं प्रत्येक प्रांतात एकेक सरकारी मंदिर बांधायचा हुकूम काढला होता, त्यातलं हे एक. मोकुजिकी आला होता दर्शनाला आणि वहीत शिक्का घ्यायला. पण गावकऱ्यांनी त्याला थांबवून घेतलं आणि मंदिराचा कारभार त्याच्या गळ्यात घातला. १७९१ च्या सुरुवातीला ते मंदिर आगीत भस्मसात झालं.

त्याच्या आयुष्यात हा प्रसंग मला सगळ्यात मोठा वाटतो. वय चौऱ्याहत्तर. मंदिर त्याचं नव्हतं, गाव त्याचं नव्हतं. संकल्प देश फिरण्याचा होता, आणि तो अर्धवट राहिला होता. मी तर पाहुणा, असं म्हणून तो निघून गेला असता तर कुणीही नावं ठेवली नसती. तो राहिला. पैसे जमवण्यासाठी फिरला, मंदिर पुन्हा उभं केलं, आणि जळालेल्या मूर्तींच्या जागी पंचबुद्धांच्या पाच नव्या मूर्ती स्वतःच्या हातानं कोरल्या. बसलेल्या मूर्ती, उंची सुमारे तीन मीटर. तोपर्यंत त्यानं केलेल्या कामाच्या मानानं हे काम अवाढव्य होतं. ह्या मूर्ती आजही तिथे, साइतो शहरात, पाहायला मिळतात. ह्या सगळ्यात त्याची नऊ-दहा वर्षं गेली. १७९७ साली, ऐंशीव्या वर्षी, त्यानं पुन्हा वाट धरली.

ह्याच काळात, शहात्तराव्या वर्षी, त्यानं स्वतःच्या नावापुढे बोसात्सु, म्हणजे बोधिसत्त्व, अशी पदवी लावून घेतली. पुढे नव्वदीच्या उंबरठ्यावर तर त्यानं सिद्धपुरुष अशा अर्थाचं आणखी मोठं नाव घेतलं. तेव्हा तो फार विनम्र होता वगैरे म्हणायची सोय नाही. त्याला आपल्या संकल्पाचा अभिमान होता आणि तो लपवायची त्याला गरज वाटली नाही. शिवाय त्यानं आपल्या स्वतःच्याही मूर्ती कोरल्या आहेत. लांब दाढी, गोल गाल आणि मिस्कील हसू. बुद्ध आणि बोधिसत्त्वांच्या रांगेत हे आजोबा खुशाल बसलेले असतात. तो साध्या भाषेत छोट्या कविताही करायचा, त्यातही हाच मिस्कीलपणा आहे.

१८०० साली, सत्तावीस वर्षांची देशयात्रा पुरी करून, तो मारुबाताकेला आला. चौदाव्या वर्षी शेतावर जातो म्हणून सांगून निघालेला मुलगा त्र्याऐंशीव्या वर्षी गावात परत आला होता. गावासाठी त्यानं एक देऊळ करायचं ठरवलं. नाव शिकोकु-दो. जपानच्या शिकोकु बेटावर अठ्ठ्याऐंशी मंदिरांची एक प्रसिद्ध यात्रा आहे. डोंगरातल्या गरीब शेतकऱ्याला इतक्या लांब जाणं कुठून जमणार? म्हणून त्या अठ्ठ्याऐंशी मंदिरांच्या देवता इथेच कोरून ठेवायच्या, म्हणजे गावातल्या गावात यात्रा घडेल. १८०१ आणि १८०२ ह्या दोन वर्षांत हे काम झालं. गावातल्या काही लोकांनी हातभार लावला. ह्याच वेळी त्यानं आपल्या आयुष्याचं ते छोटंसं टिपण लिहिलं.

आणि इथे, ह्या मूर्तींमध्ये, काहीतरी बदललेलं दिसतं. चेहरे गोल झाले. गाल वर आले. डोळे बारीक झाले. ओठांच्या कडा वळल्या. मूर्ती हसायला लागल्या. जपानमध्ये आज मोकुजिकीच्या मूर्तींना हसरे बुद्ध म्हणून ओळखतात, ते ह्या ऐंशीनंतरच्या कामामुळे. एकसष्टाव्या वर्षी सुरुवात केल्यावर स्वतःचा हात सापडायला त्याला आणखी वीस वर्षं लागली. आपण चार वर्षांत सगळं आलं पाहिजे म्हणून कासावीस होतो, त्या पार्श्वभूमीवर हा आकडा जरा शांतपणे वाचावा.

वीस वर्षांत हत्यारं बदलली नाहीत. लाकूड तेच, मिळेल ते. बदलला तो माणूस. कोवळ्या वयातली वणवण, व्रत, हजारो कोसांची पायपीट, आगीनंतरची वर्षं, अनोळखी घरांत मिळालेला आसरा, हे सगळं कुठेतरी साठत गेलं असणार. साठीपर्यंतची वर्षं वाया गेली आणि मग खरं आयुष्य सुरू झालं, असं म्हणणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. विसाव्या वर्षी त्याला एखाद्या मूर्तिकाराच्या कारखान्यात कामाला लावलं असतं, तर तो कदाचित उत्तम कारागीर झाला असता. पण हे हसू त्याला तेव्हा कोरता आलं असतं का, ही शंका राहतेच.

मारुबाताकेलाही तो थांबला नाही. १८०३ ते १८०५ ह्या काळात तो एचिगोत, म्हणजे आजच्या निइगाता जिल्ह्यात होता. बर्फाचा मुलूख. तिथल्या खेड्यांत त्यानं अवलोकितेश्वराच्या तेहतीस रूपांचे संच कोरले. एका ठिकाणी तर असा संच त्यानं काही आठवड्यांतच संपवला. ह्या भागातल्या मूर्तींबद्दल असं सांगतात, की गावातली पोरं त्या उचलून नेऊन बर्फावरून घसरायला घसरगाडीसारख्या वापरायची. काही मूर्तींची नाकं त्यामुळे झिजली म्हणे. देवाच्या मूर्तीचं असं झालेलं पाहून कुणाला राग येईल. पण ह्या मूर्ती ज्या हेतूनं केल्या होत्या, म्हणजे गावातल्या माणसांच्या रोजच्या जगण्यात राहाव्यात, तो हेतू पोरांनी आपल्या परीनं पुरा केला, असंही म्हणता येईल.

१८०६ साली हिवाळ्याच्या तोंडाला तो तांबा प्रांतातल्या, म्हणजे क्योतोजवळच्या, सेइगेन्जी मंदिरात आला. वय एकोणनव्वद. तिथल्या मुख्य भिक्षूनं ह्या विचित्र दिसणाऱ्या, वाढलेल्या दाढीच्या पाहुण्याची नोंद लिहून ठेवली आहे. इथे त्यानं शाक्यमुनी बुद्ध आणि सोळा अर्हत कोरले. अर्हत म्हणजे बुद्धाचे थोर शिष्य. पण हे सोळा जण पाहिले तर पारावर बसून गप्पा मारणारी म्हातारी मंडळी वाटतात. कुणी खदखदून हसतंय, कुणी विचारात आहे. ह्याच सुमाराला त्याच्या हजार मूर्ती पुऱ्या झाल्या. सरासरी काढली तर अठ्ठावीस वर्षं, दर दहा दिवसांना एक मूर्ती, आणि मधल्या वेळात अख्खा देश पायी.

हजार पुरे झाल्यावर कुणीही पटाशी खाली ठेवली असती. ह्यानं काय केलं? संकल्प दोन हजारांचा केला. नव्वदीत!

१८०७ साली तो सेत्त्सु प्रांतात, आजच्या ह्योगो जिल्ह्यातल्या इनागावा परिसरात, कोरत होता. १८०८ साली पुन्हा काई प्रांतात. १८१० साली, त्र्याण्णवाव्या वर्षी, तो गेला. मृत्यूची तारीख घरच्यांकडे असलेल्या कागदी स्मृतिपट्टीवर आहे, पण तो कुठे गेला, कुणाच्या दारात, कुठल्या रस्त्यावर, हे आजही माहीत नाही. दोन हजार अर्थातच पुऱ्या झाल्या नाहीत.

आणि मग तो विसरला गेला. पार विसरला गेला. मूर्ती गावोगावच्या देवळांत धूर खात राहिल्या, पण त्या कुणी केल्या हे कुणी विचारेना. एवढ्या हौसेनं उभं केलेलं शिकोकु-दो देऊळही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोडलं गेलं आणि तिथल्या मूर्ती विकल्या जाऊन इकडेतिकडे पांगल्या.

जानेवारी १९२४ मध्ये यानागी सोएत्सु नावाचा चौतीस वर्षांचा एक अभ्यासक कोरियन मातीची भांडी पाहायला काई प्रांतातल्या एका संग्राहकाच्या घरी गेला. भांडी ठेवलेल्या कोठीच्या अंधारात त्याला दोन लाकडी मूर्ती दिसल्या. त्यातली एक क्षितिगर्भ बोधिसत्त्वाची. दोन्ही हसऱ्या. भांडी राहिली बाजूला. ह्या कुणी केल्या, हे विचारत तो फिरू लागला. त्याच वर्षी तो मारुबाताकेला पोचला आणि मोकुजिकीच्या घराण्यातल्या वंशजांकडे त्याला त्या यात्रेच्या वह्या आणि ते टिपण सापडलं. वहीतल्या तारखा आणि गावं हाताशी धरून त्यानं पुढची दोनेक वर्षं देश पालथा घातला आणि तीनशेहून अधिक मूर्ती शोधून काढल्या. पुढे हा आकडा वाढत गेला. आज सातशेच्या आसपास मूर्ती माहीत आहेत.

ह्या शोधातून आणखी एक गोष्ट निघाली. १९२५ च्या अखेरीस ह्याच मोहिमेवर प्रवास करताना यानागी आणि त्याचे कुंभार मित्र हामादा शोजी आणि कावाई कांजिरो ह्यांनी मिंगेई हा शब्द तयार केला. मिंगेई म्हणजे सामान्य लोकांची, रोजच्या वापरातली, नाव नसलेल्या हातांची कला. १९३६ साली तोक्यो शहरात, म्हणजे जुन्या एदोतच, मिंगेई संग्रहालय उभं राहिलं. एका म्हाताऱ्यानं साठीनंतर हातात घेतलेली पटाशी अशी त्याच्यामागे सव्वाशे वर्षांनी एका चळवळीच्या कामी आली.

मित्रांनो, अशा लेखाच्या शेवटी काहीतरी बोध सांगायची पद्धत आहे. इच्छा असेल तर वय आडवं येत नाही, हा बोध आपण सगळ्यांनी शाळेपासून लिहिलेला आहे आणि त्यावर मार्कही मिळवले आहेत. मला मोकुजिकीकडून घ्यायचं आहे ते जरा वेगळं आहे. त्याला आपली कला सापडली ती शोधायला बसून नाही. तो दुसरंच काहीतरी मन लावून करत होता, चालत होता, आणि वाटेत कुणाचं तरी ओबडधोबड काम पाहून हात शिवशिवले. तेव्हा त्यानं वयाचा विचार केला नाही, आणि पहिल्या मूर्ती चांगल्या झाल्या नाहीत म्हणून थांबलाही नाही.

तेव्हा वर्कशॉपमधला तो बिघडलेला हाफ लॅप जॉइंट कुणाच्या ट्रंकेत अजून पडला असेल, तर फेकू नका. पटाशीला धार लावता येते. आणि आपल्या हातात, मोकुजिकीच्या हिशोबानं, सुरुवात करायलाच अजून चाळीस वर्षं आहेत.